वरणाखाली काय वाढायचं? पांढरा भात आणि मैद्याचा पास्ता कमी करण्याची घरगुती रीत

पांढरा भात कमी करायचा ठरलं की बहुतेक घरांत भात एकदम बंद होतो आणि त्याच वाटीत, त्याच पाण्यात, तेवढ्याच शिट्ट्यांत भगर किंवा किनोआ शिजायला लागतो. तो वरणाशी जमत नाही. पहिल्या घासाला मुलं ताट सरकवतात आणि आठवडाभरात पुन्हा कोलम शिजतो. यात धान्याचा दोष नसतो, चुकीच्या जागी चुकीचं धान्य गेलेलं असतं.

भात ताटात काय काम करतो, ते आधी बघा. वरण-भातात तो आसट असतो आणि पातळ वरण धरून ठेवतो. मसालेभातात, पुलावात दाणा मोकळा लागतो. खिचडीत तो विरघळून घट्टपणा आणतो आणि दहीभातात मऊपणा देतो. या सगळ्या कामांना एकच पर्याय पुरत नाही. वरणाखाली ज्वारीच्या कण्या किंवा हातसडीचा तांदूळ, पुलावाला दलिया, खिचडीला बाजरी, दह्यासोबत भगर, अशी वाटणी केली की तक्रारी निम्म्याने कमी होतात.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. ज्वारी, बाजरी, नागली (म्हणजे नाचणी), भगर यांत तांदळापेक्षा उष्मांक फारसे कमी नसतात. कच्च्या १०० ग्रॅमला ही सगळी धान्यं साधारण ३२० ते ३६० किलोकॅलरीतच बसतात. फरक आहे तो तंतूंत आणि क्षारांत. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला जेमतेम ३ ग्रॅम तंतू, तर ज्वारी, बाजरी, नागलीत १० ते ११ ग्रॅम. नागलीत कॅल्शियम ३६० मिलिग्रॅमच्या आसपास, तांदळात १० मिलिग्रॅमही नाही. म्हणजे पोट लवकर भरतं आणि साखर सावकाश चढते, पण ‘मिलेट आहे, कितीही खा’ असं काही नसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दिवसाच्या ऊर्जेतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. आपल्याकडे वरणभात-पोळीच्या ताटात तो सहज ओलांडला जातो, कारण भाजी चमचाभर आणि वरण पाण्यासारखं असतं. त्यामुळे धान्य बदलण्याबरोबरच वरण घट्ट करा आणि भाजीची वाटी मोठी घ्या. एवढं केलं नाही तर खालच्या सगळ्या युक्त्यांचा उपयोग अर्धाच होईल.

पुढे ‘वाटी’ म्हणजे १५० मिलीची, आमटीची वाटी. तिच्यात कच्चा तांदूळ साधारण १२५ ग्रॅम बसतो आणि पोळी किंवा भाकरी असेल तर तेवढ्यात तिघांचं भागतं.

आधी तांदूळच बदला

घरात भातावर फार जीव असेल तर सुरुवात इथून करा. इगतपुरी-घोटीकडचा इंद्रायणी कमी पॉलिशचाही मिळतो, मागावा लागतो इतकंच. ‘हातसडीचा’ असं लिहिलेला तांदूळ हल्ली बहुधा गिरणीतूनच, फक्त टरफल काढून आलेला असतो. म्हणून पाटीवर जाऊ नका, दाणा तळहातावर घेऊन बघा. तपकिरी-पिवळट छटा हवी, दाण्यावर उभ्या रेषा दिसायला हव्यात आणि एका टोकाचा कोंब शाबूत हवा. सगळा दाणा काचेसारखा शुभ्र असेल तर नाव काहीही असो, तो पांढराच तांदूळ.

१ वाटी हातसडीचा तांदूळ धुऊन निदान १ तास भिजवा. कुकरमध्ये अडीच वाट्या पाणी, आसट हवा असेल तर तीन. तीन शिट्ट्या, मग बारीक आचेवर १० मिनिटं आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर साल फुटते पण आतला दाणा कणीदार राहतो. ‘ब्राऊन राइस कच्चाच लागतो’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा भिजवणं चुकवलेलं असतं किंवा वाफ घाईने काढलेली असते.

अर्धा पांढरा, अर्धा हातसडीचा असं मिसळून लावायचं असेल तर दोन्ही एकत्र चढवू नका. पांढरा गिच्च होतो आणि तपकिरी टचटचीत राहतो. भिजवलेला हातसडीचा तांदूळ आधी आधणात वैरून १५ मिनिटं शिजवा, मग धुतलेला पांढरा घाला आणि झाकण ठेवून आणखी १२ ते १५ मिनिटं. आठवड्या-दोन आठवड्यांनी पांढऱ्याचं प्रमाण कमी करत जा.

उकडा तांदूळ हाही बरा मधला मार्ग आहे. साळ आधी वाफवून मग सडल्यामुळे कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात. वास मात्र सगळ्यांना रुचत नाही, घाटावर तर कमीच.

शिळ्या भाताबद्दल बरंच बोललं जातं. भात शिजवून थंड केला की त्यातल्या काही पिष्टाची रचना बदलते, ते लहान आतड्यात पचत नाही आणि साखर थोडी कमी चढते, हे खरं आहे. फरक थोडाच आहे, त्यावर दुप्पट भात वाढून घेऊ नये. आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. शिजल्यावर तासाभरात पसरट भांड्यात फ्रीजमध्ये, दुसऱ्याच दिवशी वापरायचा आणि एकदाच, कडकडीत वाफ येईपर्यंत गरम करायचा. भातात टिकून राहणारे काही जिवाणू असं विष तयार करतात, जे नंतर कितीही परतलं तरी जात नाही. फोडणीचा भात खाऊन पोट बिघडलं की दोष मिरचीवर जातो, पण बऱ्याचदा कारण हे असतं.

ज्वारीच्या कण्या: वरणाखालचा सगळ्यात जवळचा पर्याय

आसटपणा, चव आणि खर्च तिन्ही बघितलं तर कण्यांना तोड नाही. तरीही शहरातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत त्या होत नाहीत, कारण तयार मिळत नाहीत आणि गिरणीत नीट सांगावं लागतं.

दादर किंवा मालदांडी, कोणतीही टपोरी रब्बी ज्वारी घ्या. निवडून, ओल्या फडक्याने पुसून, तासभर पसरून कोरडी करा. गिरणीवाल्याला ‘कण्या काढा, लापशी रव्यासारख्या’ असं सांगा. नुसतं ‘जाडसर दळा’ म्हटलं तर थालीपिठाच्या भाजणीसारखं पीठ येतं, त्याचा भात होत नाही, लापशी होते. गहू किंवा डाळ नुकती दळली असेल तर पहिली मूठभर कणी बाजूला काढायला सांगा. घरी आल्यावर रव्याच्या चाळणीने चाळा. खाली पडलेलं पीठ भाकरीला, वर राहिलेल्या कण्या डब्यात. १ किलो ज्वारीतून किती कण्या निघतील ते जात्याच्या दाबावर ठरतं, म्हणून पहिल्यांदा अर्धा किलोच न्या. गिरणीत जाणं जमत नसेल तर मिक्सरच्या सुक्या भांड्यात एका वेळी अर्धी वाटी, दोन-दोन सेकंदांचे चार-पाच झटके. भांडं भरून फिरवलं तर निम्म्याचं पीठ होतं.

शिजवताना १ वाटी कण्या दोनदा धुवा. तरंगणारा कोंडा पाण्याबरोबर थोडा गेला तरी चालेल, सगळा काढू नका, तंतू तिथेच आहेत. अर्धा तास भिजवा. जाड बुडाच्या पातेल्यात ४ वाट्या पाण्याचं आधण ठेवा, अर्धा चमचा मीठ आणि १ चमचा तेल घाला. कण्या एका हाताने वैरत दुसऱ्या हाताने ढवळा, नाहीतर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आत कोरडी कणी राहते. उकळी फुटली की आच बारीक, झाकण तिरपं आणि २५ मिनिटं. दर पाच मिनिटांनी बुडापासून एकदा हलवा. कुकरला पाणी साडेतीन वाट्या आणि ४ शिट्ट्या पुरतात. पण कुकरच्या कण्या थोड्या चिकट होतात.

शिजलेली कणी बोटात दाबली की मऊ लागते, तिचा पिठूळ पांढरा ठिपका दिसत नाही. गॅस बंद करून १० मिनिटं मुरू द्या, तेवढ्यात त्या पाणी ओढून घट्ट होतात. म्हणूनच पातेल्यात किंचित सैल वाटतात तेव्हाच उतरवायच्या. ताटात वाढेपर्यंत त्या वरणभातासारख्या होतात. त्यावर घट्ट तुरीचं वरण, लिंबू, तूप. पिठलं किंवा काळ्या मसाल्याची आमटीही छान जाते.

ताकातल्या कण्या करायच्या तर ताक गॅस बंद केल्यावर, कण्या कोमट झाल्यावर घाला. उकळत्यात ओतलं तर फाटतं. १ वाटी कण्यांना शिजल्यावर दीड वाटी ताक, वरून लसूण, जिरं, कढीपत्त्याची फोडणी.

अख्खी ज्वारी वेगळी गोष्ट आहे. ती ८ ते १० तास भिजवून, कुकरला एक शिट्टी आणि बारीक आचेवर २५ मिनिटं शिजवली की दाणा फुगतो पण फुटत नाही. कांदा, काकडी, डाळिंब, शेंगदाणे घालून डब्याला न्यायला ती उत्तम, वरणाशी मात्र जमत नाही. दाणे तोंडात वेगळे राहतात आणि वरण ताटात पळतं.

भगर: जितकी पांढरी, तितका फायदा कमी

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरात वरई, म्हणजे भगरीचंच धान्य, पिकते आणि नाशिकमध्ये भगरीच्या गिरण्याही आहेत, त्यामुळे इथे ताजी भगर मिळायला अडचण नाही. अडचण आहे ती पॉलिशची. उपवासासाठी शुभ्र दिसणाऱ्या भगरीचा कोंडा पांढऱ्या तांदळासारखाच निघून गेलेला असतो. ती रोज भाताऐवजी खाल्ली तर चव बदलते, तंतूंच्या हिशेबात हाती फारसं लागत नाही. किंचित राखाडी-पिवळसर, कमी सडलेली भगर मागा. दुकानात नसेल तर बुधवारी गोदाघाटाच्या बाजारात बघा, पश्चिमेकडून धान्य घेऊन येणारे असतील तर त्यांच्याकडे मिळू शकते. राळाही दिसला तर घ्या, तो अर्धा तास भिजवून भगरीसारखाच शिजतो.

भगरीत बारीक खडे असतात. नुसती धुऊन ते जात नाहीत. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन भगर रोळा, म्हणजे भांडं गोल हलवत वरची भगर पाण्यासकट दुसऱ्या पातेल्यात ओतत जायचं. खडे पहिल्याच्या तळाशी राहतात, शेवटचा चमचाभर भाग सरळ टाकून द्यायचा.

मोकळी हवी तर निथळून, कढईत ३-४ मिनिटं कोरडी भाजून घ्या. १ वाटी भगरीला अडीच वाट्या आधण. उकळी आली की झाकण, अगदी बारीक आच, ८ ते १० मिनिटं, मग १० मिनिटं बंद गॅसवर. मध्ये ढवळलं की गोळा झालाच म्हणून समजा. दह्यासोबत आसट हवी असेल तर साडेतीन वाट्या पाणी घाला आणि भाजू नका. थंड झाल्यावर ती दगडासारखी घट्ट होते, तेव्हा पाण्याचा हबका मारून वाफ द्या, चमच्याने फोडत बसू नका.

भगरीचं तयार पीठ आणू नका. उपवासाच्या दिवसांत भगरीच्या पिठाच्या भाकरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. ओल लागलेल्या भगरीवर बुरशी वाढते, तिचं विष तयार होतं आणि ते भाजून-शिजवून जाईल याची खात्री नसते. दाणे आणा, वास घेऊन बघा, लागेल तेवढंच घरी दळा.

खिचडीला बाजरी, पुलावाला दलिया

सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगावच्या पट्ट्यातली बाजरी थंडीत ताजी असते, आणि तिची खिचडी तांदळाच्या खिचडीपेक्षा खरोखर चवदार लागते. १ वाटी बाजरीवर दोन चमचे पाणी शिंपडून १५ मिनिटं झाकून ठेवा. साल सुटते. मिक्सरमध्ये ३-४ झटके द्या, दाण्याचे दोन-तीन तुकडे झाले की थांबा. सुपात पाखडून सुटलेला जाड कोंडा उडवा. पूर्वी हे काम उखळात होत असे. अर्धी वाटी सालाची मूगडाळ धुऊन मिसळा. तूप-जिरं-हिंग-लसणाची फोडणी, हळद, मीठ, ५ वाट्या पाणी, ६ शिट्ट्या आणि त्यानंतर बारीक आचेवर १० मिनिटं. घट्ट वाटली तर उकळतं पाणीच घाला. गार पाणी घातलं की बाजरी आकसते आणि खिचडी चरचरीत लागते. ओलावण्याची आणि पाखडण्याची पायरी गाळली तर घशाला कोंडा लागतो, आणि ‘बाजरी घरात चालत नाही’ असा निकाल लागतो.

दलिया पुलावाला आणि मसालेभाताला. मध्यम दाण्याचा घ्या, बारीक दलिया शिऱ्यासारखा होतो. १ वाटी दलिया १ चमचा तुपात ५-६ मिनिटं, खमंग वास येईपर्यंत भाजा. ही भाजणी कमी पडली की पुलाव चिकट होतो. भाज्या, मसाला परतून दलिया घाला, २ वाट्या उकळतं पाणी, कुकरला २ शिट्ट्या. उघडल्यावर काट्याने मोकळा करा आणि पाच मिनिटं उघडाच ठेवा. खपली गव्हाचा दलिया मिळाला तर आणखी छान, तो जास्त मोकळा होतो. त्याला पाणी अर्धी वाटी आणि एक शिट्टी जास्त द्या. गहू चालत नसेल, म्हणजे ग्लूटेनचा त्रास असेल, तर दलिया आणि खपली दोन्ही बाद. खपलीत ग्लूटेन नसतं ही समजूत चुकीची आहे.

आणि नागली? ती भाताच्या जागी येत नाही. दाणा फार बारीक, साल दाण्याला चिकटलेली, त्यामुळे अख्खी शिजवून हाती चिवट चोथाच येतो. ती पिठाच्या रूपातच खायची. दुसऱ्यांदा भात वाढून घेण्याऐवजी अर्धी नागलीची भाकरी, हा सगळ्यात सोपा बदल. पिठाला चिकटपणा नसल्याने उकड काढा: १ वाटी पाण्याला उकळी आणून चिमूटभर मीठ, गॅस बंद करून १ वाटी पीठ, उलथण्याच्या दांड्याने ढवळून १० मिनिटं झाका, मग गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळा. गार पाण्यात भिजवलेली भाकरी तव्यावर टाकताना कडांना चिरते.

फ्लॉवर डिसेंबर ते फेब्रुवारीत स्वस्त असतो, तेव्हा त्याचा ‘भात’ करून बघायला हरकत नाही. मोठ्या भोकांच्या किसणीवर किसा, फडक्यात घट्ट पिळा, पसरट कढईत मोठ्या आचेवर ४-५ मिनिटं, झाकण न ठेवता. झाकलं की पाणी सुटतं आणि वास येतो. नुसता खाल्ला तर दोन तासांत भूक लागते. अर्धा भात, अर्धा फ्लॉवर आणि सोबत उसळ, हे जमतं.

पास्ता: पाकीट उलटं करा

पास्ता मुळात जितका बदनाम आहे तितका वाईट नाही. अस्सल पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. आपण ज्याला बन्सी गहू म्हणतो तोच हा. तो आपल्या जिल्ह्याला परका नाही, निफाडच्या गहू संशोधन केंद्राच्या बन्सी वाणांची नावंच ‘पंचवटी’ आणि ‘गोदावरी’ अशी आहेत. ड्युरमची प्रथिनं पिष्टाला जाळ्यात घट्ट धरतात, म्हणून असा पास्ता ब्रेडपेक्षा सावकाश पचतो. घोळ होतो तो मैद्याच्या स्वस्त पास्त्यात, दीडपट शिजवण्यात आणि वर ओतलेल्या मैदा-लोणी-चीजमध्ये.

पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ असेल तर ठीक. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘मिलेट’ आणि मागे पहिला मैदा, तिसरी-चौथी नागली, असं फार दिसतं. नूडल्समध्ये तर ‘पाम ऑइल’ही शोधा, कारण झटपट नूडल्सच्या वड्या बऱ्याचदा तळूनच वाळवतात. १०० ग्रॅममागे तंतू ६ ग्रॅमच्या वर असतील तर पाकीट घ्यायला हरकत नाही.

शिजवताना १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि १ लहान चमचा मीठ. पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी एक तुकडा कापून बघा, मधोमध सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की गाळा. पुढचं शिजणं सॉसमध्ये होतं. पूर्ण मऊ होईपर्यंत ठेवला की प्रथिनांचं जाळं सैल होतं आणि सावकाश पचण्याचा फायदा जातो. गाळलेलं अर्धी वाटी पाणी ठेवून द्या, सॉस घट्ट झाला तर तेच वापरा. नळाखाली धुऊ नका, सॉस चिकटत नाही.

माणशी ८०-१०० ग्रॅमची सवय असेल तर ४० ग्रॅमवर या, आणि उरलेली जागा दीड वाटी भाजी व अर्धी वाटी शिजवलेल्या छोल्यांनी किंवा राजम्याने भरा. पांढऱ्या सॉसऐवजी फ्लॉवरचा करा: २ वाट्या तुरे, ४ लसूण पाकळ्या आणि ५ काजू १० मिनिटं उकडून, अर्धी वाटी दूध घालून अगदी मुलायम वाटायचे, मग मिरपूड, मीठ, १ चमचा तेलात परतायचं. वाटण रवाळ राहिलं तर मुलांना लगेच कळतं, म्हणून फ्लॉवर गार व्हायच्या आधी, झाकण थोडं उघडं ठेवून, दोन हप्त्यांत वाटा. लाल सॉसला नाशिकजवळच्या गिरणारे गावाकडचे लाल, पिकलेले टोमॅटो असतील तर साखरेची गरज पडत नाही. ४ टोमॅटो चिरून, लसणासोबत १५ मिनिटं आटवले की पुरे.

दुधीच्या लांब पट्ट्या सोलाण्याने काढून, मीठ लावून १० मिनिटांनी पिळून, पास्त्यात शेवटच्या मिनिटाला घालता येतात. अर्धा पास्ता, अर्धा दुधी. नुसत्या दुधीला पास्ता म्हणू नये, कोणी फसत नाही.

ज्यांना पास्ता विकत आणायचा नाही त्यांच्यासाठी

गव्हाचं पीठ वळून, उकळत्या रसात शिजवणं आपल्याकडे नवीन नाही. वरणफळं आठवड्यातून एकदा पास्त्याची जागा घेऊ शकतात. १ वाटी कणीक, पाव वाटी बेसन, पाव वाटी ज्वारीचं पीठ, ओवा, हळद, तेलाचं मोहन १ चमचा, घट्ट मळा. पातळ लाटून शंकरपाळ्यासारखे काप करा. वरण नेहमीपेक्षा दीडपट पातळ हवं आणि खळखळत असताना एकेक काप सोडायचा. एकदम टाकले की थप्पी होते. १० ते १२ मिनिटं.

मैद्याच्या नूडल्सना याहून चांगला पर्याय म्हणजे हुलग्याचे शेंगोळे. हुलग्यात १०० ग्रॅमला २१-२२ ग्रॅम प्रथिनं असतात, तांदळाच्या अडीचपटीहून जास्त. दीड वाटी हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं किंवा कणीक. ८ लसूण पाकळ्या, ३ हिरव्या मिरच्या, १ चमचा जिरं, कोथिंबीर यांचं वाटण, त्यातलं निम्मं पिठात, निम्मं फोडणीत. मीठ, हळद घालून लागेल तसं पाणी शिंपडत पुरीच्या कणकेहून घट्ट मळा आणि १५ मिनिटं झाका. तळहाताला तेल लावून लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांत वळा, करंगळीहून बारीक वात करा, दोन टोकं जोडून कडं करा किंवा तशीच सोडा. जाड वळले तर बाहेरून मऊ, आतून कच्चे राहतात.

पातेल्यात २ चमचे तेलाची फोडणी, उरलेलं वाटण, ६ वाट्या पाणी, मीठ. पाणी खळाखळा उकळू लागल्याशिवाय एकही शेंगोळा आत जाऊ नये. कोमट पाण्यात पीठ सुटतं आणि सगळ्याचं पिठलं होतं. एकेक सोडा, पहिली पाच मिनिटं चमचा लावू नका. मग मध्यम आचेवर १५ ते २० मिनिटं. रस्सा पातळ वाटला तर १ चमचा हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून घाला. मधला शेंगोळा कापून बघा, आतला रंग बाहेरसारखाच झाला म्हणजे झालं. हुलगा उष्ण म्हणून उन्हाळ्यात टाळणारी घरं आहेत. त्यांनी त्या दिवसांत मूगडाळीचं पीठ घ्यावं, पण ते लवकर सुटतं, म्हणून कणीक निम्मी ठेवा.

शेवया घ्यायच्या तर बन्सी रव्याच्या किंवा खपलीच्या. मैद्याच्या शेवया पांढऱ्या आणि गुळगुळीत, रव्याच्या पिवळसर आणि किंचित खरखरीत असतात. नागलीच्या शेवया उकळत्या पाण्यात दोनच मिनिटं, लगेच गाळून वर तेलाचा हात. तिसऱ्या मिनिटाला त्यांचे तुकडे होतात.

बदल कितीने, आणि कोणी सांभाळून

तंतू एकदम वाढवले की पोट फुगतं, मग ‘ज्वारी बाधते’ असं ठरतं. पहिला आठवडा दोन जेवणांत बदल, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात रात्रीचा भात पूर्ण. पाणी वाढवा. रात्रीचं जेवण आधी बदलणं सोपं जातं, कारण घरी सगळे एकत्र असतात आणि गरम वाढता येतं. कण्या, भगर, दलिया थंड खाऊन कोणालाच आवडत नाहीत.

मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर भात अचानक निम्मा करण्याआधी डॉक्टरांना सांगा, त्याच डोसवर साखर खूप खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर सालासकटची धान्यं आणि डाळी वाढवू नका, त्यांत पोटॅशियम आणि फॉस्फरस जास्त असतं. थायरॉइडचा त्रास असेल तर रोज बाजरी नको, आठवड्यातून एक-दोनदा, तीही डॉक्टरांना विचारून.

साठवणीचा नियम पांढऱ्या तांदळासारखा नाही. वर्षाचा तांदूळ भरून ठेवण्याची सवय इथे चालत नाही, कारण कोंड्यात आणि कोंबात तेल असतं आणि ते खवट होतं. हातसडीचा तांदूळ आणि कमी सडलेली भगर महिन्यापुरती आणा, पावसाळ्यात डबा फ्रीजमध्ये ठेवा. कण्या तीन आठवडे. बाजरीचं पीठ आठवड्याच्या वर ठेवू नका, ते कडू होतं आणि मग भाकरीला गूळ लावूनही कडूपणा झाकत नाही. बाजरी अख्खी असेल तर महिनोन्‌महिने टिकते, म्हणून दाणा साठवा आणि दर आठवड्याला किलोभरच दळून आणा.